एका पत्त्यावरून एकच

"रिस्टार्ट करून बघितलंस का?" हा प्रश्न कुणी विचारला की माझं डोकं फिरतं. बघितलं रे बाबा! त्या सकाळी तेच तर करत बसले होते. सर्व्हर उठायचा, चार पावलं चालायचा आणि परत आडवा व्हायचा.

मुलुंडच्या ज्या छोट्या कंपनीत मी नोकरी करते, तिच्याकडे गणपतीला कोकणात सुटणाऱ्या खास बसचं ऑनलाइन बुकिंग असतं. वर्षभर त्या वेबसाइटकडे काळं कुत्रं फिरकत नाही. बुकिंग उघडतं त्या सकाळी मात्र अख्खी उपनगरं तुटून पडतात. दर वर्षी ती मान टाकते आणि शिव्या आम्ही खातो. त्याची आता सवय झालीय. पण यंदा मला धास्ती होती ती वेगळ्याच कारणानं. यंदा त्या गर्दीत माझी आई होती.

आदल्या वर्षी बाबा गेले, म्हणून गावच्या घरी गणपती आणला नव्हता. घर कुलपातच राहिलं. यंदा काहीही झालं तरी ते उघडायचंच, असं आईनं ठरवून टाकलं होतं. तिचा उजवा गुडघा पार कामातून गेलेला. आमच्या वाडीपर्यंत जाणारी बस एकच. बाकीच्या सगळ्या हायवेवर, फाट्याला उतरवतात, आणि तिथून वर नुसती चढण. गाडी करून देते म्हटलं, तर तापली. आई बोलते ती मालवणीच. "एकटीक डब्यात कोंडून धाडतंस? मी वाडीतल्या माणसांवांगडाच जातलंय." तुझी एक सीट आधीच बाजूला ठेवते म्हटलं, तर दोन दिवस फोन उचलला नाही. म्हणे लेक तिथे बसलीय म्हणून मी लोकांच्या पुढे घुसू?

बुकिंग उघडलं आणि व्हायचं तेच झालं. पान नुसतं गोल गोल फिरत राहिलं. सर्व्हरमध्ये वर्कर असतात, म्हणजे एका वेळी एकेका माणसाचं काम हातात घेणारे. शेजारच्या खुर्चीतला माझा सहकारी किंचाळला, "वाट लागली यार! वर्कर वाढव ना!" वाढवले. दुप्पट केले. आणखी वाट लागली! वर्कर कितीही ठेवा, सीटची नोंद करणारा डेटाबेस एकच. एका शेगडीभोवती दहा जणी झारे घेऊन उभ्या राहिल्या तर वडे लवकर होत नाहीत, भांडणं होतात.

"कमी कर," मी म्हटलं.

"अगं, लोक वाढतायत आणि तू वर्कर कमी करतेस?"

"कर म्हणते ना!"

केले. सर्व्हरनं जरा श्वास घेतला. पण अजून रखडतच होता. मी नोंदी उघडून बघितल्या, तर एकेका वाय-फायच्या पत्त्यावरून पाच-पाच, सात-सात फोन आत घुसलेले. मला रागच आला. आमच्या लोकांची ही जुनी खोड. घरात असतील नसतील तेवढे फोन घेऊन बसायचं, ज्याचं लागेल त्याचं लागेल. एका आजीसाठी चार सीटा अडकून पडतात, आणि खरा गरजू बाहेर. थांबा म्हटलं, तुम्हाला सरळच करते. दात-ओठ खात मी नियम लिहिला: एका पत्त्यावरून एका वेळी एकच जण आत. बाकीच्यांना पाटी दिसेल, 'तुमच्या घरातून बुकिंग सुरू आहे.'

आणि काय सांगू, पानं पटापट उघडायला लागली! सहकारी म्हणाला, "झकास!" मी चहा मागवला. तरी सारखी फोनकडे बघत होते. आईचं झालं असेल तर तिचा फोन कसा नाही?

आला फोन. "गो, ह्यां म्हणता ह्या घरातून बुकिंग सुरू आसा. कोण करता?"

"तूच करत असशील दोन-दोन फोनवरून!"

"माझ्याकडे एकच फोन आसा." तिच्या मागे बायकांचा हा गलका.

"कोण आहे गं तिथे?"

"सगळीच आसत. आमच्या मजल्यावरची."

मी चहाचा कप खाली ठेवला. कांदिवलीला आईकडे मीच चांगलं जोरदार वाय-फाय बसवून दिलंय. वेबसाइट लेकीची, नेट फास्ट, म्हणून अख्खा मजला आपापले फोन घेऊन तिच्याकडे जमला होता, प्रत्येक जण आपापल्या घरासाठी. आत गेलेली एक शेजारीण घरातल्या पाचही जणांची नावं एका बोटानं टाइप करत बसलेली, आणि माझी आई बाकीच्यांबरोबर बाहेर.

"वाय-फाय बंद करा! मोबाइलच्या नेटवर जा सगळ्या!" मी ओरडले.

"माझ्या फोनात नेट खंय? तुजा वाय-फायच आसा. रव, थांब, हेंका सांगतंय."

फोन कानाला धरूनच मी थोपवलेल्यांची यादी काढली. ओळीच्या ओळी संपेनात. मजल्यामजल्यावर एक वाय-फाय वाटून घेणारी सगळी घरं मी एकच घर धरली होती. सर्व्हर शांत झाला होता तो माझ्या हुशारीनं नाही. माणसं दाराबाहेर उभी होती म्हणून.

"नियम काढ," मी सहकाऱ्याला म्हटलं.

"परत बसेल हं."

"बसू दे!"

काढला. सर्व्हर धापा टाकायला लागला, पण वर्कर कमी होते म्हणून तगला. मी आमच्या वाडीची बस उघडली. एक सीट मोकळी होती. आईला सांगायला तोंड उघडलं तोवर तीही गेली.

"आई..."

"दिसला माका. भरली. शेजारणीचा झाला हां, पाचय जणांचा." मग तिनंच विचारलं, "तुजा ता मशीन बंद पडूक नाय मा?"

"नाही पडलं," मी म्हटलं आणि भर ऑफिसात हमसून रडायला लागले. सहकारी उगाच स्क्रीनकडे बघत बसला.

"रडतंस कित्याक? येष्टीन जातलंय. फाट्यावरसून चलत."

"त्या गुडघ्यानं? वेड लागलंय का तुला? चढण आहे ती!"

"रवत-रवत जाईन," आई म्हणाली. "तुज्या बापाशीची काठी आसा."