छन्नभाऊंसाठी माइक

छन्नभाऊंच्या हातात कुठलीही वस्तू आली की ते आधी ती वाजवून बघत. चहाचा ग्लास, एस.टी.च्या सीटचा दांडा, कलिंगड, नव्या घराची भिंत. माझ्या मावसबहिणीला बघायला पाहुणे आले, तेव्हा आमच्या बाजूने कुणी वडीलधारं असावं म्हणून मी भाऊंना बोलावलं होतं. शिक्षण झालं, नोकरी झाली, पाऊसपाणी झालं आणि मग कुणालाच काही सुचेना. त्या शांततेत भाऊंनी समोरच्या टीपॉयवर बोटांनी एक लांबलचक तुकडा वाजवला आणि मुलाच्या वडिलांना म्हणाले, "सागवान नाही हे. आवाज पोकळ येते." टीपॉय मावशीचा होता आणि तिने तो साऱ्या गल्लीला सागवानी म्हणून सांगितला होता. लग्न मात्र जमलं. पाहुणे इतके हसले की नाही म्हणायचं विसरूनच गेले असावेत.

त्यांचं खरं नाव फार थोड्यांना माहीत होतं. अकोल्याच्या फुलबाजारात त्यांचं दुकान. गावाबाहेर मळा, त्यात शेवंती आणि झेंडू. सकाळी वहिनींसोबत हार ओवायचे आणि लग्नसराईत, गॅदरिंगला ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवायचे. ड्रमच्या त्या सगळ्या पसाऱ्यात त्यांचा जीव एकाच वाद्यात होता, तो म्हणजे मांडीजवळचा स्नेअर. या ड्रमच्या खालच्या पातळ पुडीला बारीक तारा आवळलेल्या असतात. वर काठी पडली की त्या तारा थरथरतात आणि कोरड्या ठोक्याला एक झणकार येतो. कुठल्याही गावात कार्यक्रम असो, भाऊ साउंडवाल्याला आधी एवढंच सांगत, "ठक नको बाबू, मले छन्न पायजे." तेच नाव पडलं.

मी मूळची बार्शीटाकळीची. पुण्याला रेकॉर्डिंगचं काम शिकले आणि परत येऊन अमरावतीत काकांच्या घरामागच्या दोन खोल्यांत स्टुडिओ थाटला. भिंतींना गाद्या ठोकल्या, खिडक्या बुजवल्या. भजनमंडळी यायची, लोकगीतांचे कलाकार यायचे. बाई मशीनवर बसलेली बघून बरेच जण आतल्या खोलीकडे बघत, साहेब केव्हा येतात म्हणून. छन्नभाऊ पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनीही विचारलं, "मशीन कोन चालवते?"

"मीच."

"मंग तर बरंच झालं," ते म्हणाले. "मानसं आपलंच ऐकवतात. ऐकून घेत नाहीत."

आणि गोधडीत गुंडाळून आणलेला ड्रम त्यांनी तान्ह्या मुलाला ठेवावं तसा खाली ठेवला.

त्या ड्रमसाठी माइक निवडणं हा आमचा सण असायचा. माझ्याकडे काही माइक होते. स्टेजवर गायक धरतात तसला दणकट साधा माइक, जो जवळचंच ऐकतो आणि ठोका खाऊन पचवतो. दुसरा नाजूक, जो तारांचा कण न कण टिपतो, पण सोबत झांजही टिपतो आणि बाहेरचा कावळाही. मी एकेक माइक लावायची, भाऊ तोच तुकडा वाजवायचे. मग ते भिंतीकडे तोंड करून उभे राहत आणि मी ते तुकडे एकामागोमाग एक ऐकवत असे. "नाव सांगू नको," ते बजावत. "नाव ऐकलं का कान बेइमान होते." सगळं ऐकून झालं की मागे न वळता म्हणायचे, "दुसरा." मीही मनात दुसराच धरलेला असायचा. आम्ही दोघं काहीच ठरवलेलं नसताना एकाच जागी पोचलो, याचा जो आनंद असे, तो मला त्या खोलीत दुसऱ्या कुणाबरोबर मिळाला नाही.

मग तो कुठे ठेवायचा यावर खल. बोटभर अलीकडे, बोटभर पलीकडे, ड्रमच्या काठावरून आत तिरका. "माइक म्हंजे पावना," भाऊ म्हणत. "दारात उभा ठेवला तर रुसते, चुलीपाशी बसोला तर त्याले धूर लागते." ऑर्केस्ट्रातले त्यांचे जन्माचे सोबती, कीबोर्ड वाजवणारे बबनकाका, कंटाळून म्हणायचे, "अबे, गानं आज करायचं हाय का दिवाळीले?" भाऊंना ते ऐकूच यायचं नाही. तेव्हा ते दुर्लक्ष असायचं.

पुढे ऑर्केस्ट्रे बसले. लग्नात लॅपटॉप आला, ड्रमचा आवाज बटणातून यायला लागला. भाऊ फुलांच्या दुकानात जास्त आणि स्टुडिओत कमी दिसायला लागले. अशात पुण्याला माझ्याबरोबर शिकलेला एक जण संगीतकार झाला होता, त्याचा फोन आला. एका मराठी सिनेमाच्या गाण्यात त्याला गावाकडच्या वरातीसारखा खराखुरा ड्रम हवा होता. मी दुसऱ्या कुणाचं नाव घेतलंच नाही. भाऊंना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "पोरी, सिनेमात? माह्या हातचं?" दुसऱ्या दिवसापर्यंत अख्ख्या फुलबाजाराला ठाऊक झालं होतं.

रेकॉर्डिंगला वहिनीही आल्या, डबा घेऊन. भाऊंनी नवा सदरा घातला होता. नेहमीसारखे माइक लावले, ते भिंतीकडे वळले, मी ऐकवलं. "पुन्हा लाव," म्हणाले. मी पुन्हा लावलं.

"तारा बोलत नाहीत, पोरी."

मला तर त्या छान बोलताना ऐकू येत होत्या. तरी मी नाजूक माइक लावला. नाही. एक माइक ड्रमखाली, थेट तारांसमोर ठेवला. नाही. भाऊंनी तारा आणखी आवळल्या, पुडी बदलली. मी आवाजाची धार वाढवत नेली, इतकी की वहिनींनी कानांवर हात ठेवले. भाऊ मात्र मान हलवत होते, आणि मी त्यांना कधी चिडलेलं पाहिलं नव्हतं, ते चिडले. "तुह्या माइकाले काय झालं? काहून सारे मुके झाले?"

तारा आवळायला ड्रमच्या बाजूला एक छोटा खटका असतो. तो पाडला की तारा पुडीपासून सुटतात आणि ड्रम नुसता डब्यासारखा वाजतो. भाऊ डोळे मिटून वाजवत होते. काढघाल करून तो खटका ढिला झाला असावा. वाजवता वाजवता तो खाली पडला. झणकार गेला. ठक, ठक, ठक. वहिनी डबा उघडत होत्या, त्यांचा हात तसाच थांबला. भाऊ वाजवतच राहिले आणि डोळे न उघडता म्हणाले, "हां, आता जरासं बरं वाटून राहिलं."

मी मशीन बंद केलं. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. कुणीतरी सांगायला हवं होतं आणि ती खोली माझी होती.

मी त्यांच्याजवळ जाऊन खाली बसले. "भाऊ, तारा सुटल्या."

त्यांनी खटक्याकडे पाहिलं. बोटाने तो वर केला, काठीने एक ठोका मारला. खाली केला, एक ठोका मारला. पुन्हा वर, पुन्हा खाली. असं ते कितीतरी वेळ करत राहिले. मग काठ्या मांडीवर ठेवून म्हणाले, "दोन्ही सारखेच येतात."

अकोल्याला कानाच्या डॉक्टरांकडे मीही गेले. काचेच्या खोलीत भाऊंना हेडफोन लावून बसवलं, आवाज आला की बटण दाबायचं. सुरुवातीला ते शाळकरी मुलासारखे उत्साहाने दाबत होते. मग आवाज बारीक, वरचे होत गेले आणि भाऊ बटणावर अंगठा ठेवून बसून राहिले. बाहेर तपासणाऱ्या मुलीचे हात चालूच होते. बाहेर आल्यावर भाऊ तिला म्हणाले, "मशीन मधातच बंद पडलं वाटते तुमचं."

डॉक्टर चांगले होते. आयुष्यभर झांजांच्या आणि स्पीकरच्या शेजारी बसल्याने वरचे आवाज गेले, असं त्यांनी सांगितलं. यंत्र लावून माणसांचं बोलणं नीट ऐकू येईल. भाऊ ज्या आवाजाबद्दल विचारत होते, तो परत येणार नाही. भाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं. रस्त्यावर आल्यावर ते मला म्हणाले, "पुऱ्या बजाराचा गलबला येते. गाड्या येतात, हिचं बोलनं येते. माह्या ड्रमचाच तेवढा नाही." वहिनींनी त्यांचा हात धरला. भररस्त्यात, अकोल्यात, त्या वयाच्या बाईने. आम्ही तसेच स्टँडपर्यंत चालत गेलो.

मला वाटलं, गाणं आता राहिलं. पण आठवड्याने ते ड्रम घेऊन दारात उभे. "माइक तू ठरव," म्हणाले. "मी वाजवतो. तू ऐक." मी साधा दणकट माइक वर लावला, नाजूक खाली तारांशी. ते भिंतीकडे वळले नाहीत. काय लावलं, कुठे लावलं, काहीच विचारलं नाही. आणि वाजवलं, ते मी पुन्हा कुणाकडून ऐकलेलं नाही. मोठ्या ठोक्यांच्या मधे ते काठी नुसती टेकवत टेकवत बारीक काम करत, जात्यातून पीठ पडावं तसं ते पडत होतं. स्वतःला ऐकू न येणारी गोष्ट त्यांचे हात बिनचूक करत होते. संपल्यावर त्यांनी विचारलं, "बोलल्या का तारा?"

"बोलल्या, भाऊ."

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग मान हलवली आणि ड्रम गोधडीत बांधला.

गाणं आलं तेव्हा मी ते अमरावतीत एकटीने ऐकलं आणि हेडफोन काढून ठेवला. ठोके भाऊंचे होते, जागच्या जागी. पण प्रत्येक ठोक्यावर यंत्रातला तयार आवाज बसवलेला होता, सगळे एकसारखे, चकचकीत. मधलं बारीक काम पुसून गेलं होतं. मी संगीतकाराला फोन केला. तो ओशाळला. "वाजवलंय अप्रतिम गं. पण निर्मात्याला आजचा साउंड पाहिजे होता. माझं चाललं नाही."

मी अकोल्याला गेले ते भाऊंना हे सांगायचं ठरवूनच. दुकानात पोचले तर त्यांनी मोबाइल हारांच्या टोपलीवर ठेवला होता आणि गाणं लावलं होतं. गिऱ्हाइकाला शेवंती तोलता तोलता सांगत होते, "हे मीनं वाजोलं." गिऱ्हाईक म्हणालं, "मस्त." भाऊंनी माप सोडून मूठभर फुलं जास्त टाकली. मला बघून त्यांनी ओरडून विचारलं, "चांगलं झालं ना, पोरी?"

वहिनी मला मागे पाणी द्यायच्या निमित्ताने घेऊन गेल्या. "हा त्यायचा आवाज नोहे," त्या हळूच म्हणाल्या. "इतके वर्स घरात ऐकला मी. हा नोहे." मी होकारार्थी मान हलवली. "राहू द्या ताई," त्या म्हणाल्या. "तारा सुटल्याचं सांगावं लागलं ते लागलं. हे नका सांगू."

मी बाहेर आले आणि म्हटलं, "लय चांगलं झालं, भाऊ."

ते पुढे फार जगले नाहीत. त्या थंडीत छातीत कफ झाला, दवाखान्यात ठेवलं, आणि वहिनी घरून भात घेऊन येईपर्यंत ते गेले. मला फोन बबनकाकांनी केला.

तेरवीला फुलबाजारातल्या लोकांनी इतकी फुलं आणली की फोटो शोधावा लागत होता. ऑर्केस्ट्रातले जुने सगळे आले होते, केस पिकलेले, पोट सुटलेले. कुणीतरी स्पीकर जोडला आणि गाणं लावलं. भाऊंचा पुतण्या सगळ्यांना सांगू लागला की हे त्यांचं, सिनेमातलं. मी वहिनींकडे पाहिलं. त्या खाली बघत होत्या.

पहिल्याच ठोक्याला बबनकाकांनी मान वर केली. त्यांच्या शेजारच्या ढोलकीवाल्यानेही. उभं आयुष्य त्या ड्रमच्या बाजूला बसलेली माणसं ती. त्यांना समजायला दुसरा ठोका लागला नाही. मांडवभर नजरा एकमेकांना भिडल्या आणि खाली झाल्या. मग बबनकाका सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हात भाऊचाच हाय. वळखू येते." बाकीचेही म्हणाले, हो, हो, वळखू येते.

मी निघाले तेव्हा बबनकाका माझ्यामागे फाटकापर्यंत आले. रुमालाची घडी करता करता त्यांनी विचारलं,

"खरं वाजोलेलं हाय ना तुमच्यापाशी?"

"आहे काका. पूर्ण आहे."

"मंग जपून ठेवा," ते म्हणाले. एवढ्यात आतून हाक आली आणि ते घाईने परतले. अंजनगाववरून आलेल्या पाहुण्यांना पोचायला उशीर झाला होता, त्यांना भाऊंचं गाणं ऐकायचं होतं. बबनकाकांनी ते पुन्हा पहिल्यापासून लावलं.