इलेव्हन-प्लसवाल्या वहिनी

एखाद्या घरी मूल होणार असं कळलं की बायका डोहाळे विचारतात. आमच्या वहिनी तारीख विचारत. लंडनच्या स्टॅनमोर भागातल्या एका डोहाळजेवणात ओटी भरता भरता त्यांनी त्या बिचाऱ्या मुलीला विचारलं, "ड्यू डेट काय दिलीये गं?" ती लाजत म्हणाली, "ऑगस्ट एंड." वहिनींचा चेहरा पडला. "अगं, थोडी कळ काढ ना. इथे शाळेचं वर्ष एक सप्टेंबरपासून मोजतात. सप्टेंबर लागल्यावर झालं तर वर्गात सगळ्यात मोठं ठरेल. ऑगस्टमध्ये झालं तर सगळ्यात लहान. मोठा फरक पडतो बघ." हसावं की रागवावं हे त्या मुलीला कळेना. वहिनी मात्र गंभीर चेहऱ्याने तिच्या ओटीत नारळ घालून बाजूला झाल्या होत्या.

वहिनी म्हणजे माझ्या ऑफिसातल्या शेखरची बायको. नागपूरला त्या ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवायच्या. शेखरला लंडनचं वर्क परमिट मिळालं, त्याच्याबरोबर त्या आल्या आणि पहिल्या वर्षभरात त्यांनी इथल्या शाळांचे सगळे कायदेकानू तोंडपाठ केले. दोन हजार पाच-सहाचा तो काळ. मुलाला दहावं वर्ष लागलं की आपल्या लोकांच्या घरात एक वारं शिरायचं, त्याचं नाव इलेव्हन-प्लस. ही परीक्षा पास झाली तर ग्रामर स्कूल, म्हणजे फी एक पैसा नाही आणि निकाल महागड्या प्रायव्हेट शाळांच्या तोडीचे. नाही झाली तर घराजवळची साधी शाळा. त्या साध्या शाळेत आमच्या गल्लीतली गोरी मुलं आनंदाने जात होती. पण तिथे आपली मुलगी जाणार ही कल्पना आमच्या मंडळींना काळ्या पाण्याच्या शिक्षेसारखी वाटे. मलाही वाटे, खोटं कशाला बोलू?

या परीक्षेची एक गंमत होती. तयारी सगळे करत आणि कबूल कुणीच करत नसे. "छे, आम्ही काही करत नाही हो, घरीच थोडंसं," हे वाक्य मी किमान दहा घरांत ऐकलं असेल, आणि त्या दहाही घरांतली मुलं एकाच बाईंच्या ट्यूशनला जात होती. काही जण तर गाडी पलीकडच्या रस्त्यावर लावून मुलाला चालत पाठवत. वहिनींना ही लपवाछपवी अजिबात मान्य नव्हती. हॅरोच्या हॉलमध्ये गणपतीची आरती नुकतीच संपली होती. मी एका डॉक्टर मित्राला नुकतंच सांगितलं होतं की आमच्या मुलीचं, रेवाचं, आम्ही अजून काही ठरवलेलं नाही. एवढ्यात प्रसादाच्या रांगेतून वहिनींचा खणखणीत आवाज आला, "भावजी, रेवाचं व्हर्बल झालं छान, पण नॉन-व्हर्बलला अजून वेळ पुरत नाहीये तिला! आकृत्या फिरवून बघायला शिकवा!" डॉक्टर माझ्याकडे बघून गोड हसला. मी मोदक घशाखाली ढकलला. त्या दिवशी मला वहिनींचा इतका राग आला की मी घरी येईपर्यंत बायकोशी, मेघनाशी, बोललो नाही. तिचा काय दोष होता देव जाणे.

पण राग धरून बसायची सोय नव्हती, कारण दर रविवारी सकाळी त्या ओजसला घेऊन आमच्या दारात हजर असत. ओजस त्यांचा मुलगा, रेवाच्याच इयत्तेतला. वहिनींच्या एका हातात सराव-पेपर आणि दुसऱ्या हातात स्वयंपाकघरातला टिकटिक करणारा टायमर. आमचं डायनिंग टेबल पुसून त्या त्याचा परीक्षा हॉल करत. मला टीव्ही लावायची बंदी, मेघनाला मिक्सर लावायची बंदी. कॉर्नवॉलची सुट्टी आम्ही बुक केली होती, ती त्यांनी आम्हाला रद्द करायला लावली. "समुद्र कुठे पळून जात नाही, भावजी. परीक्षेचा नोव्हेंबर मात्र येतोच." त्या कुणाकडून पैसे घेत नसत, ही आणखी एक अडचण. पैसे दिले असते तर भांडता तरी आलं असतं.

मुलांना त्यांचा एकच मंत्र होता : "येत नाही ना? मग सोड आणि पुढे जा. अडून बसलास की बुडालास." हा मंत्र त्या मोठ्यांनाही लावत. एकदा माझी आणि मेघनाची हॉलमधल्या कार्पेटच्या रंगावरून त्यांच्यासमोरच जुंपली होती. वहिनींनी दोन मिनिटं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हा प्रश्न तुम्हाला येत नाहीये. सोडा. पुढचा घ्या." कार्पेट आजतागायत बदललेलं नाही.

रेवाला हे सगळं आवडायचं. टायमर सुरू झाला की तिचे डोळे चमकायचे. ओजसचं तसं नव्हतं, आणि खरी चीड आणणारी गोष्ट ही की डोकं त्याचंच जास्त होतं. रेवा ज्या आकृत्या कागद उलटासुलटा करून सोडवायची, त्या तो नुसता बघून सांगायचा. पण पेपरभर त्याचा डावा हात भुवईवर असायचा. एक एक केस उपटत राहायचा. उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत एक भुवई अर्धी गेली. मेघनाने एकदा हळूच विषय काढला, तर वहिनी म्हणाल्या, "सवय आहे गं. परीक्षा झाली की सुटेल." पण ते म्हणताना त्यांनी आपल्या हाताने त्याचा हात भुवईवरून खाली घेतला आणि बराच वेळ तो सोडलाच नाही.

परीक्षेचा शनिवार आला. शाळा मुला-मुलींची एकत्र, त्यामुळे दोन्ही पोरं एकाच ठिकाणी. मी गाडी चालवली. फाटकाबाहेर ही गर्दी! आपले, गुजराती, तमिळ, चिनी, श्रीलंकन, सगळ्यांच्या मुलांच्या हातात आरपार दिसणाऱ्या पिशव्यांत पेन्सिली, आणि सगळ्या आईबापांच्या चेहऱ्यावर तेच भाव. वहिनी दोघांना घेऊन उतरल्या आणि मी गाडी लावायला गेलो. जागा मिळाली ती चांगली लांब. धापा टाकत परत आलो तर समोरच्या बेकरीबाहेर वहिनी बसलेल्या, आणि शेजारी ओजस डोनट खात होता.

मला आधी वाटलं, मला वेळ कळली नाही आणि परीक्षा संपली.

"हा इथे कसा?"

"नाही बसला."

"बरं नाहीये का त्याला?"

"बरा आहे."

पलीकडे रांग अजून आत जात होती. वर्षभराचे रविवार, माझं कॉर्नवॉल, या बाईची ती टिकटिक, सगळं माझ्या डोक्यात गेलं. मी ओजसचा हात धरला आणि म्हणालो, "चल, अजून वेळ आहे, मी सोडतो तुला आत." तो उठलासुद्धा. साखर लागलेला हात पँटला पुसून तो निमूट उभा राहिला.

"भावजी, हात सोडा त्याचा."

त्यांनी आवाज चढवला नव्हता. पण तसं त्या माझ्याशी कधीच बोलल्या नव्हत्या. मी हात सोडला. थोड्या वेळाने समोरचं फाटक बंद झालं आणि आम्ही तिघे तिथेच बसून रेवाची वाट बघत राहिलो. वहिनींनी माझ्यासाठी चहा आणला. मी तो प्यायलो नाही.

त्यानंतर आमच्या सगळ्या गोतावळ्यात जो गहजब झाला तो विचारू नका. शेखर तर हादरलाच होता. त्याने बायकोशी बोलणं टाकलं आणि माझ्या कानाशी लागला. आजारी पडलेल्या मुलांसाठी आठवड्याभराने पुन्हा परीक्षा होते, डॉक्टरची चिठ्ठी लागते, डॉक्टर मित्र चिठ्ठी द्यायला तयार आहे, आता तूच जाऊन तिला समजाव. मी गेलो. रस्ताभर मुद्दे जुळवत गेलो. मुलाचं भविष्य, शेखरचे कष्ट, वाया गेलेलं वर्ष.

वहिनींनी पोहे केले. मी बोलत होतो आणि त्या ऐकत होत्या. सेकंड सिटिंगचा, म्हणजे त्या फेरपरीक्षेचा, मुद्दा आला तेव्हा म्हणाल्या, "भावजी, तो नियम तुम्हाला मीच सांगितला होता."

"मग अडचण काय आहे? दोन तासांचा तर प्रश्न आहे!"

त्यांनी पोह्यांवर लिंबू पिळलं. मग म्हणाल्या, "रेवा तर धावतच गेली आत. ओजस फाटकापाशी थांबला. रडला नाही, काही नाही. त्याच्या मोडक्या मराठीत मला विचारलं, 'आई, हा परीक्षा झाला की संपला ना सगळा?' मी 'हो' म्हणणार होते, भावजी. तोंड उघडलं होतं. पण मला पुढचं सगळं पाठ आहे ना. सॅट्स, मग जीसीएसई, मग ए-लेव्हल, मग आणखी काय काय. मी म्हटलं, 'नाही रे, संपत नाही.' तर तो म्हणाला, 'ओके,' आणि आत जायला लागला. ते 'ओके' मला सहन झालं नाही. मीच त्याला मागे ओढलं."

मी म्हणालो, "पण म्हणून काय मुलांना परीक्षाच द्यायला लावायच्या नाहीत?"

"तसं कुठे म्हणतेय मी? रेवाला मी परत हजार वेळा बसवीन."

मला ते तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. दहा वर्षांच्या पोराचं एक वाक्य ऐकून कुणी वर्षभराची मेहनत पाण्यात घालतं का? 'हो, संपलं सगळं' म्हणायला काय जात होतं? सगळ्या जगातले आईबाप म्हणतात. चिडून मी पोहेही अर्धे टाकून उठलो.

निकाल लागला आणि रेवा पास झाली. वहिनी संध्याकाळी शिऱ्याचा डबा घेऊन आल्या आणि मेघनापेक्षा जास्त रडल्या. माझ्या मुलीच्या यशात अर्धा वाटा या बाईचा होता, आणि मला त्यांच्याकडे धड बघवत नव्हतं. नाताळपर्यंत ओजसची भुवई भरून आली, हे मला मान्य करावं लागेल. पण साध्या शाळेत त्याच्या वर्गाला वर्षभर गणिताचा कायमचा शिक्षकच मिळाला नाही, आज हा तर उद्या तो. पोरगं पाढे विसरायच्या बेताला आलं. घरी वहिनी शिकवायला बसल्या तर तो म्हणे, "आई, आज नको," आणि त्या खरंच पेन खाली ठेवत. शेखरकडून हे ऐकलं की माझं डोकं फिरायचं. दुसऱ्यांची मुलं मात्र दर रविवारी त्यांच्या टेबलावर असत, आणि दर वर्षी त्यांतली बहुतेक पास होत.

दोन वर्षांनी शेखरला ब्रिस्टलला विमानांच्या इंजिनांच्या कंपनीत नोकरी लागली. निघायच्या दिवशी आम्ही त्यांच्या दारात उभे होतो. सामानाची व्हॅन पुढे गेली होती, शेखर घरात किल्ल्या शोधत होता, ओजस गाडीत पुढच्या सीटवर बसून रेडिओची बटणं फिरवत होता. वहिनी मेघनाला बजावत होत्या, "रेवाचं जर्मन सोडू देऊ नकोस. कंटाळली म्हणाली तरी सोडू देऊ नकोस." मेघना आत शेखरला मदत करायला गेली आणि आम्ही दोघेच उरलो.

दोन वर्षं पोटात ठेवलेला प्रश्न मी विचारून टाकला. म्हटलं, "वहिनी, आता तुम्ही चाललात म्हणून विचारतो. त्या दिवशी त्याला मागे ओढलंत त्याचा कधी पश्चात्ताप होत नाही का तुम्हाला?"

मला वाटलं, त्या नेहमीसारखं काहीतरी ठणकावून सांगतील. निदान माझ्या रागाला मग काही जागा राहिली असती.

"रोज होतो," त्या म्हणाल्या. "सकाळी त्याचा डबा भरताना होतो. रेवाला युनिफॉर्ममध्ये बघितलं की होतो. परवा पेपरात निकालांची पुरवणी आली, त्या शाळेचं नाव बघून मी बाथरूममध्ये जाऊन रडले." गाडीकडे बघत त्यांनी पदराने डोळे पुसले, अगदी भराभर. "पण हे त्याला कधी सांगू नका, भावजी. त्याला वाटतं, मी ते कधीच विसरून गेलेय."

गाडीतून ओजसने हाक मारली.

"आले रे राजा," म्हणत वहिनी हसऱ्या चेहऱ्याने त्याच्याकडे गेल्या.