धोतराच्या सोग्यानं पुसलेली बाटली

१९३४ साल, मी एकतीस वर्षांचा. गावात पटकीनं दोघं गेले आणि सगळ्यांचं बोट माझ्या विहिरीकडे वळलं. पाण्यात जंतू निघाले तर विहीर बुजवणार होते. मी सरकारी बाटलीत पाणी भरून धुळ्याच्या प्रयोगशाळेत नेलं आणि देण्याआधी तिचं तोंड धोतराच्या सोग्यानं आतून चांगलं पुसलं.

तिथला माणूस तारेचं टोक दिव्यावर लाल करी, ते निवू देई, मगच ते नमुन्यात बुडवून बशीतल्या गोठलेल्या रसावर रेघा ओढी. जंतू असले तर तिथं उगवत. माझं पुसणं पाहून तो थांबला.

"हे काय केलंस, भाऊ?"

"मी साफ करं ना! मी काय घाणेरडा शे का?"

"आता धोतरातलेच जंतू उगवतील, आणि मरेल तुझी विहीर."

मी ताठच उभा. त्यानं ते पाणी ओतून दिलं, नवी बाटली पिशवीत घातली आणि माझ्याबरोबर तीन कोस चालत येऊन स्वतः भरली.

तिसऱ्या दिवशी त्यानं बशी खिडकीपाशी धरली, दोनदा पाहिली. "पटकी नाही. खुशाल पी."



दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीची पहिली कळशी मी त्याच्या टेबलावर नेऊन ठेवली. पुसली मात्र नाही.