मोझेलबाईंच्या मांडवावरची ताडपत्री

आमच्या ह्यांना मदत करण्याचं व्यसन आहे. बाकी विडी नाही, तपकीर नाही, पत्ते नाहीत. लोक म्हणतात, "वहिनी, नशीब काढलंत." मी काही बोलत नाही. (दमलेलं माणूस फारसं बोलत नाही.)

हे सरकारी बांधकाम खात्यात इंजिनिअर. स्वातंत्र्यानंतर थोड्याच वर्षांत बदली कलकत्त्याला झाली आणि पुष्कळ वणवण केल्यावर बहूबाजारातल्या एका गल्लीत, जुन्या घराच्या खालच्या मजल्यावर आम्हांला बिऱ्हाड मिळालं. वरच्या मजल्यावर मोझेलबाई. त्या बगदादी ज्यू. पणजोबा केव्हातरी बगदादहून व्यापाराला आलेले. बाई मात्र इथेच जन्मलेल्या आणि इथल्या उकाड्याला नावं ठेवत इथेच पिकलेल्या. त्यांच्या समाजाच्या मुलींच्या शाळेत शिकवायच्या. आमचं बोलणं हिंदीत चाले, म्हणजे दोघींनाही धड येत नसलेल्या भाषेत. त्यामुळे भांडण कधी झालं नाही.

मोझेलबाईंचं एक पथ्य होतं. शुक्रवारी सूर्य मावळला की शनिवारच्या रात्रीपर्यंत दिवा लावायचा नाही, विझवायचा नाही, कसलंही काम करायचं नाही. सणावारीही बहुतेक तसंच. आणि दुसऱ्याला "कर" म्हणूनही सांगायचं नाही. कोणाला आपण होऊन सुचलं, तर गोष्ट वेगळी. त्यामुळे शुक्रवारी रात्री त्या जिन्यात उभ्या राहून हवेत बघत म्हणायच्या, "मिसेस दामले, आज आमच्या खोलीत उजेड फार आहे." मी हातातलं पीठ झटकून वर जायची आणि बटण बंद करून यायची. तीन वर्षांत मी इतकी तयार झाले होते, की बाई नुसत्या खाकरल्या तरी मला कळायचं कुठला दिवा.

ह्यांना मात्र कधी कळलं नाही. मी घरी नसताना एकदा बाईंनी ह्यांना उजेडाचं सांगितलं, तर हे म्हणाले, "मग पडदे लावा ना." आणि दुसऱ्या दिवशी पडद्याच्या सळ्या ठोकून आले.

तर त्या साली मोझेलबाईंचं लंडनला मुलाकडे जायचं ठरलं. त्यांच्यातली कितीतरी कुटुंबं तशी उठून चालली होती. शाळेतले वर्ग रिकामे होत होते. आश्विनात त्यांचा मांडवाचा सण येतो. बाई दर वर्षी आमच्या सामाईक गच्चीवर बांबूच्या तट्ट्यांचा मांडव घालत, वर नारळाच्या झावळ्या टाकत, आणि शाळेच्या मुली येऊन फळं टांगत, गाणी म्हणत, तिथेच जेवत. यंदाचा शेवटचा. तो सण झाला की आठवड्याभरात बाई जाणार.

"मागच्या वर्षी पावसाने सगळं धुऊन नेलं," बाई आमच्या दारात बसून म्हणाल्या. "यंदा देवाने एवढी एक संध्याकाळ कोरडी द्यावी. मुलींना माझी आठवण राहावी अशी."

त्यांचे डोळे भरून आले. माझेही आले. ह्यांचे चमकले. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

दोन दिवसांनी हे कामासाठी बराकपूरला गेले. तिथे लष्कराच्या जुन्या सामानाचा लिलाव चालतो. संध्याकाळी सियालदहहून हमालाच्या डोक्यावर एक अवाढव्य गाठोडं घेऊन हे घरी आले.

"काय आहे?" मी विचारलं.

"काही नाही. तू दूध आटवायची तयारी कर."

कारण दुसऱ्याच रात्री कोजागिरी होती. त्यांच्या सणाची पौर्णिमा आणि आमची पौर्णिमा, गच्ची एक. मी बदाम सोलत बसले आणि गाठोड्याचं विसरून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलींनी येऊन मांडव सजवला, कागदाच्या साखळ्या लावल्या, पेरू, डाळिंबं आणि चांगली डोक्याएवढी पपनसं टांगली. दुपारी बाई खाली स्वयंपाकात गुंतल्या. तेवढ्यात ह्यांनी मांडवावर लष्करी ताडपत्री अंथरली आणि चारी बाजूंनी खिळे मारले. बाईंना आश्चर्याचा धक्का द्यायचा होता म्हणे. मला खालून ठोकाठोक ऐकू आली, पण ह्यांची ठोकाठोक ऐकू येत नाही असा दिवस आमच्या घरात नसतोच.

आता गोम अशी, की त्या मांडवाचं छप्पर झावळ्यांचंच लागतं आणि त्यातून आभाळ दिसावं लागतं. वर पक्कं आच्छादन घातलं की तो मांडव त्यांच्या सणाचा राहत नाही. तिथे बसून जेवलं तरी ते सणाचं जेवण नव्हे. हे मला नंतर कळलं. इकडे सूर्य मावळला, दिवे लागले, सण सुरू झाला. मग बाई प्रार्थनेहून शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंना आणि मुलींना घेऊन वर आल्या आणि त्यांनी मान वर केली.

खिळा उपटता येत नाही. उपटायला सांगता येत नाही. समोर हे हसतमुख उभे.

मी खाली दूध ढवळत होते. हे धावत आले.

"अगं, पेट्रोमॅक्स कुठाय?"

"कशाला?"

"बाई म्हणतायत, आतून चंद्रच दिसत नाही. अंधार वाटत असणार त्यांना."

मी पेट्रोमॅक्स दिली. (माझं लक्ष केशरात होतं.) थोड्या वेळाने हे पुन्हा आले.

"टेबलफॅन नेतो. बाई म्हणतायत, आज वाऱ्याला वाट मिळत नाहीये."

"गच्चीवर? वाऱ्याला?"

"वय झालंय त्यांचं," असं म्हणून हे पंखा आणि लांबलचक वायर घेऊन गेले. लगेच वरून धप्प असा आवाज आला. पंख्याच्या वाऱ्याने एक पपनस सुटून थेट मुख्याध्यापिकाबाईंच्या मांडीवर पडलं होतं.

तिसऱ्यांदा आले ते जरा नाराज होते. "या बाईंचं काही कळत नाही मला. एवढं सगळं केलं, आणि आता म्हणतायत, त्यापेक्षा मागच्या वर्षीचा पाऊस बरा होता."

माझ्या हातातला डाव थांबला. "अहो, तुम्ही वर नक्की काय केलंयत?"

"काही नाही. थेंब येणार नाही अशी व्यवस्था केलीय."

मी पातेलं उचललं आणि वर गेले. मांडवाबाहेर मुख्याध्यापिकाबाई मांडी चोळत होत्या आणि मुली नव्या फ्रॉकांत उभ्या होत्या. आत पेट्रोमॅक्स फुसफुसत होती, पंखा घरघरत होता, आणि लष्कराच्या ताडपत्रीखाली मोझेलबाई एकट्याच बसल्या होत्या. तोंड घामाने डबडबलेलं. मला पाहून त्या उठल्या, ताडपत्रीकडे बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "मिसेस दामले, तुमच्या दुधात आज चंद्र पडावा लागतो ना?"

बाई किती हुशार, ते मला तेव्हा कळलं. त्यांच्यासाठी काही करायचं नव्हतं. माझ्यासाठी केलं तर कोणाची ना नव्हती.

मी पातेलं मांडवाच्या मधोमध ठेवलं. "अहो, ही ताडपत्री काढा."

"काढा? का?"

"माझ्या दुधात चंद्र पडत नाहीये."

"अगं, मग पातेलं तिकडे ठेव. सगळी गच्ची चांदण्याने भरलीय."

"मला इथेच ठेवायचंय."

"पण पाऊस आला तर?"

"आला तर येऊ दे. माझं दूध, माझा चंद्र. काढा."

हे शिडीवर चढले. सरकारी कामात खिळे कमी पडतात म्हणून ओरड असते. इथे एक खिळा निघायला तयार नव्हता. शेवटी ताडपत्री सरकली आणि झावळ्यांतून चांदणं खाली आलं, बाईंच्या पांढऱ्या केसांवर, टेबलावर, माझ्या पातेल्यात. मुली आत शिरल्या. बाईंनी आशीर्वादाचे शब्द म्हणायला सुरुवात केली. मी पदराने डोळे पुसले. हे आभाळाकडे बघत होते. रात्रभर एक थेंब पडला नाही, याचं त्यांना अजून वाईट वाटतं.

गोष्ट इथे संपली असती, तर मी आयुष्यभर ह्यांना सुनावायला मोकळी होते.

त्यांची जेवणं झाल्यावर मी पेल्यांमध्ये दूध ओतलं आणि सगळ्यांपुढे ठेवलं. मोझेलबाई म्हणाल्या, "वास किती सुंदर आहे."

"घ्या ना मग."

"आज कोंबडी फार छान झाली होती. पोट अगदी भरलं."

"दुधाला काय जागा लागते? घ्या."

"उद्या सकाळी जास्त गोड लागेल."

"छे, कोजागिरीचं आजच प्यायचं. माझी शपथ आहे तुम्हांला."

बाईंनी पेला हातात धरला आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशा नजरेने त्या मघापासून ह्यांच्याकडे पाहत होत्या. शेवटी एक चिमुरडी म्हणाली, "आंटी, आम्ही कोंबडी खाल्लीय. त्यावर दूध चालत नाही आम्हांला."

मागून हे म्हणाले, "मला वाटलंच." (काही वाटलं नव्हतं. मी ओळखते.)

सण संपल्यावर आठवड्याने बाई निघाल्या. सामान टॅक्सीत चढलं. बाई आमच्या दारात आल्या आणि त्यांनी माझा हात धरला. मग पातेल्याच्या फळीकडे बघत म्हणाल्या, "मिसेस दामले, आज सकाळपासून मी कोंबडी खाल्ली नाही."

बिचारी निघायच्या गडबडीत उपाशी. मी म्हटलं, "बसा, पटकन पोहे टाकते," आणि कांदा चिरायला घेतला.

पेपर बाजूला करून हे उठले, मला विळीवरून उठवलं, आणि स्टोव्हवर दूध ठेवलं.