खुर्चीखालून सांगितलेली चित्रं

त्या हिवाळ्यात माझ्या उजव्या डोळ्याच्या पडद्याला भोक पडलं. ऑपरेशन करून डॉक्टरांनी डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला आणि बजावलं, "आठवडाभर मान खाली. बुडबुडा वर तरंगून पडद्याला आतून दाबून धरेल." म्हणजे जेवताना, झोपताना, सगळा वेळ चेहरा जमिनीकडे. तोंडाच्या जागी भोक असलेली एक खास खुर्ची आम्ही भाड्यानं आणली आणि हॅमिल्टनच्या आमच्या घरात, हॉलच्या खिडकीशी ठेवली. डावा डोळा लहानपणापासून अधू. त्यातून दिसायचं ते सगळं धुकट.

मला त्यातही हळहळ वाटत होती ती क्लास बुडण्याची. रिटायर झाल्यावर मी युनिव्हर्सिटीत ज्येष्ठांसाठीच्या युरोपियन कलेच्या वर्गात नाव घातलं होतं. जन्मभर फार्मसीच्या काउंटरमागे उभी राहिलेली मी. दर मंगळवारी अंधाऱ्या खोलीत बसून शेकडो वर्षांपूर्वीचे चेहरे बघणं, हे माझं एकटीचं सुख होतं. आणि या मंगळवारी हॉलंडची चित्रं होती.

"मॉम, इट्स जस्ट वन क्लास," मुलगी फोनवर म्हणाली.

मंगळवारी सकाळी हे ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करून आले आणि माझ्या खुर्चीपाशी उभे राहून म्हणाले, "तुझ्या क्लासला मी जाऊन येतो."

"अहो, तुम्ही? कंटाळाल."

"कंटाळलो तर कंटाळलो."

हे मेटलर्जिस्ट. नागपूरहून इथल्या स्टील मिलमध्ये आले आणि तिथूनच निवृत्त झाले. भिंतीवरचं चित्र तिरकं नाही ना, एवढंच ते आजवर बघत आले होते.

दुपारी परतले. चहा केला, मला स्ट्रॉ लावून दिला. मग चटई अंथरून सरळ माझ्या खुर्चीखाली उताणे झोपले. भोकातून मला त्यांचा चेहरा दिसला, धुकट, पण अगदी समोर.

"सांगू?"

"सांगा."

"स्वयंपाकघर आहे. एक बाई मासा साफ करतेय. टेबलाखाली मांजर, त्याचा सगळा जीव माशात. आणि उजेड..." ते अडखळले. "भट्टीचं दार उघडलं की समोरच्या माणसाचा एकच गाल उजळतो, तसा. फक्त हा उजेड थंड आहे."

इतक्या वर्षांच्या संसारात भट्टीसमोरचा माणूस कसा दिसतो हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

"बाई केवढी आहे?"

"तुझ्याहून लहान. पण हात तुझ्यासारखे, सांधे जाड झालेले. तुमच्या प्रोफेसरबाई सांगत होत्या, तेव्हा तिकडे स्पेनशी युद्ध चालू होतं, वर्षानुवर्षं. चित्रात त्याचा मागमूस नाही. मला वाटलं, त्या बाईला माहीत असणारच. पण मासा तर साफ करायलाच हवा ना?"

मला काय झालं कोण जाणे, डोळ्यांतून पाणी आलं आणि टपकन त्यांच्या कपाळावर पडलं.

"अगं, रडलेलं चालतं का?" ते घाबरून म्हणाले. "डॉक्टरांना विचारायला हवं."

मी हसायला लागले तसे तेही हसले.

दुसऱ्या दिवशी ते लायब्ररीतून चित्रांची जाडजूड पुस्तकं घेऊन आले. रोज दुपारी चटईवर आडवे होऊन, पुस्तक छातीवर धरून एकेक चित्र सांगायचे. एकदा इटलीतलं जुनं चित्र होतं. देवदूत कुमारी मातेला, तिला मूल होणार ही बातमी द्यायला आलाय.

"ती दचकलीय," ते म्हणाले. "भिंतीला टेकलीय. दिवस गेल्याचं कळलं तेव्हा तूही अशीच उभी होतीस. बाहेर बर्फ पडत होता, आणि तू स्वेटर उलटा घातला होतास."

"तुम्हाला आठवतंय?"

"न आठवायला काय झालं?"

मला स्वेटरचं अजिबात आठवत नव्हतं. त्या बर्फात, त्या पहिल्या भाड्याच्या घरात, कुणी माझ्याकडे इतकं नीट बघत होतं, हेही मला ठाऊक नव्हतं.

आठवडा संपला. मान वर करायची परवानगी मिळाली तेव्हा ती आखडून गेली होती. बुडबुडा नंतरही बरेच दिवस डोळ्यात होता. ग्लासातलं पाणी उतरावं तशी त्याची रेघ सरकत गेली आणि एके सकाळी नाहीशी झाली. दाराची चौकट अजून किंचित वाकडी दिसते, पण वाचता येतं.

वसंतात नवीन सत्र सुरू झालं. पहिल्या मंगळवारी मी निघाले, तर हे दाराशी कोट घालून तयार.

"तुम्ही कुठे?"

"मीही नाव घातलंय."

त्या दिवशी विषय होता फ्रान्समधली मध्ययुगीन चर्चेस. क्लास सुटल्यावर सगळे उठले, हे मात्र थेट प्रोफेसरबाईंकडे गेले. एवढाल्या दगडांना बांधून ठेवायला आत लोखंड घातलं होतं का, ते कसलं, गंजलं कसं नाही, असं काय काय विचारत राहिले. मी दोघांचे कोट घेऊन कॉरिडॉरमध्ये उभी राहिले. दाराच्या काचेतून त्यांचे हातवारे दिसत होते. घरी जायची एक बस गेली, मग दुसरीही गेली. मी त्यांना हाक मारली नाही.