लाजवंतीचा टांगा

मिरीच्या पापडाचा वास आला की मला हिंगणघाटची लाजवंती आठवते. फाळणीत सिंधमधलं घर गमावून पन्नासच्या सुमारास ती आमच्या शेजारी राहायला आली. माझ्या धाकट्या भावाच्या जन्मानंतर आई तापानं फणफणली आणि तिचं दूध आटलं. लाजवंतीनं आपल्या तान्हीसोबत त्यालाही पदराखाली घेतलं.

"तुह्या पोरीले दूध पुरन काय वो?" आईनं विचारलं.

"रास्ते में मेरे बडे को भी एक अनजान औरत ने पिलाया था, दीदी."

पुढे तीनेक वर्षांनी ते कुटुंब उल्हासनगरला निघालं. भाऊ रडत टांग्यामागे धावला. मी त्याला उचलायला गेले, तर आईनं मला अडवलं.

"रडू दे त्याले," ती डोळे पुसत म्हणाली. "माय चालली त्याची."

आई तर इथंच उभी आहे, असं मला तेव्हा वाटलं होतं.