साहेबांच्या आईला कुणी विचारलं?

मी सिंगापूरला निघालो, त्या सकाळी आई मला कॉलेजच्या देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, घेऊन गेली. ती बोर्डिंगात स्वयंपाक करायची. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. पाळकबाबांनी प्रार्थना केली. आई एवढंच म्हणाली, “पोटभर जेवत जा. आमची काळजी करू नको.”

बोर्डिंगच्या मित्रांनो, तुमच्यातलेही बरेच असेच दूर गेले. आपली रीत आठवते? एकोणिसाव्या शतकात ज्या बाप्टिस्ट पाळकसाहेबांनी आपलं कॉलेज काढलं आणि मरेपर्यंत चालवलं, त्यांच्या स्मरणदिनी एका नव्या पदवीधराने देवळात उभं राहून त्यांचं चरित्र तोंडपाठ सांगायचं.

यंदा नवा पदवीधर नव्हता. विद्यार्थी मिळेनात म्हणून कॉलेज बंद झालं. आईचा फोन आला, “तू सांग बाबा. साहेबांचा दिवस मुका जायला नको.”

रविवारी सिंगापुरातल्या माझ्या सेम्बावांगच्या फ्लॅटमधून मी व्हिडिओ कॉलवर सांगू लागलो. समोर आई, पाळकबाबा आणि रिकामे बाक. माझी मुलगी शेजारी येऊन बसली. साहेब बोटीने आले, मराठी शिकले, चिंचेखाली वर्ग भरवला. मग ते वाक्य आलं: मायदेशी आई वारल्याची बातमी पोचली, त्या दिवशीही साहेबांनी तास चुकवला नाही. या वाक्याला पूर्वी देऊळभर ‘आमेन’ घुमायचं. पाळकबाबा एकटेच पुटपुटले.

मुलगी तिच्या सिंगापुरी ढंगात म्हणाली, “सो सॅड लाह! पपा, त्याने त्याच्या ममाला विचारलं होतं, जाऊ का म्हणून?”

चरित्रात ते नाही. फोनमधून आईच बोलली, “विचारलं असतं तरी ‘जा’च म्हणाली असती गं. दुसरं काय म्हणणार ती?”

मी कसंबसं चरित्र पुरं केलं. पाळकबाबा आता पुण्याला मुलाकडे जाणार आहेत. मी आईला पुन्हा विनवलं, “आता तरी इकडे ये.”

“मी आले तर देऊळ कोण उघडील?”

“कुणासाठी, आई?”

ती रिकामे बाक पुसू लागली.

रॅफल्स प्लेसच्या बँकेतली माझी नोकरी, मुलीची शाळा, हे सगळं त्या कॉलेजने दिलं. त्याचे उपकार मी विसरलेलो नाही. पण त्याने आम्हाला एकेक करून शिकवलं, बाहेर पाठवलं, आणि स्वतः रिकामं झालं. पूर्वी वाटायचं, घर कुठे जातंय, परतलो की असेलच. आता घर म्हणजे आई आहे तोवरचं. त्यानंतर मी कुठला, हे सांगणारं ते चरित्र तेवढं माझ्या तोंडी राहील, आणि ‘आमेन’ म्हणायला कुणी नसेल.